तुतिकोरीन-कोलंबो 320 किमीची समुद्री केबल आणि अशाच शेजारी-शेजारी केबल्स: यांचा नक्की उपयोग काय?

सीप्झची_संध्याकाळ

नमस्कार मंडळी, मी अंधेरीला एका छोट्या एक्सपोर्ट कंपनीत नेटवर्क बघतो, आमचं एक ऑफिस कोलंबोला आहे त्यामुळे तिकडचं व्हीपीएन कायम माझ्याच गळ्यात. सप्टेंबर 2025 मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा युरोपची लाइन स्लो झाली, ते समजलं. पण त्या निमित्ताने समुद्री केबल्सचा नकाशा उघडून बसलो आणि बघतो तर तुतिकोरीनहून थेट कोलंबोजवळ माउंट लॅव्हिनियाला जाणारी एक केबल आहे, बीएसएनएल आणि श्रीलंका टेलिकॉमची, भारत-लंका केबल नाव, 2006 ची, लांबी फक्त 320 किमीच्या आसपास. मुंबई-कोल्हापूरपेक्षा कमी! मग अजून शोधलं तर जगभर अशा बारक्या केबल भरपूर दिसल्या, आयर्लंड-इंग्लंड, फिनलंड-एस्टोनिया, जपान-कोरिया.

आता प्रश्न असे आहेत की एक, मुंबई-चेन्नईला एवढ्या मोठमोठ्या केबल येत असताना आणि त्यातल्या काही लंकेलाही टेकत असताना वेगळी छोटी केबल कशाला टाकतात. दोन, एवढ्या छोट्या केबललाही मधे समुद्रात अॅम्प्लिफायर लागतात का. तीन, केबल जर आहे तर माझा कोलंबोचा पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) कधी 35 तर कधी 95 मिलिसेकंद का येतो, ट्रेसराउटमध्ये (पॅकेटची वाट दाखवणारी यादी) मधेच सिंगापूर कसं दिसतं. आणि शेवटचं, मुंबईच्या केबल बंद पडल्या तर आपण लंकेमार्फत बाहेर पडू शकतो का? साहेबांना बॅकअपचा प्लॅन द्यायचाय म्हणून नीट माहिती हवी आहे, अंदाज नको.

तारवाला

छान प्रश्न आहेत. लॅंडिंग स्टेशनच्या, म्हणजे केबल किनाऱ्याला जिथे उतरते तिथल्या, उपकरणांवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे तुमच्या दोन नंबरच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

लांबच्या केबलमध्ये, म्हणजे वर्सोव्याला उतरणाऱ्या केबल घ्या, दर 50 ते 100 किमीवर समुद्राच्या तळाशी एक रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर, असतो. तो चालवायला वीज लागते, ती किनाऱ्यावरून केबलमधल्याच तांब्याच्या नळीतून जाते, हजारो व्होल्टने, करंट साधारण एक अँपिअर. म्हणजे वर्सोव्यातल्या एका बिल्डिंगमधून हजारो किलोमीटर समुद्राखाली वीज ढकलायची, आणि ते रिपीटर 25 वर्षं हात न लावता चालले पाहिजेत. या सगळ्याचा खर्च प्रचंड असतो आणि विजेची मर्यादा असल्यामुळे केबलमध्ये फायबरच्या जोड्याही जास्त घालता येत नाहीत, जुन्या केबलमध्ये तर दोन-चार-सहा जोड्याच असायच्या, आता कुठे 16-24 पर्यंत गेलेत.

छोट्या केबलला यातलं काहीच लागत नाही. गणित बघा. चांगल्या समुद्री फायबरमध्ये उजेड किलोमीटरला साधारण 0.17 डेसिबल कमी होतो. 300 किमीला झाले 51 डेसिबल, म्हणजे या टोकाला टाकलेल्या उजेडाचा त्या टोकाला सव्वा लाखावा भाग पोचतो. वाचायला भयंकर वाटतं पण आजचे रिसीव्हर तेवढ्यातूनही सिग्नल काढतात, त्यांना फक्त किनाऱ्यावरून मदत करावी लागते. ती मदत दोन प्रकारची. एक म्हणजे रामन अॅम्प्लिफिकेशन, किनाऱ्यावरून वेगळ्या रंगाचा जोरदार लेझर फायबरमध्ये सोडायचा आणि तो जाता जाता आपली ताकद सिग्नलला देतो, म्हणजे फायबर स्वतःच अॅम्प्लिफायर होतं. सी. व्ही. रामन यांनी 1928 साली कलकत्त्यात जे दाखवलं त्याच्याच आधारावर हे चालतं, आणि समुद्राखालून इंटरनेट वाहून न्यायला ते रोज वापरात आहे याचा मला फार अभिमान वाटतो. दुसरी युक्ती अशी की किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर अर्बियम नावाचा धातू मिसळलेल्या फायबरचा एक छोटा तुकडा केबलमध्येच जोडून ठेवायचा, आणि त्याला लागणारी ऊर्जा विजेने न देता किनाऱ्यावरच्या लेझरने उजेडाच्या रूपातच द्यायची. समुद्रात एकही इलेक्ट्रॉनिक पार्ट नाही, वीज नाही, बिघडण्यासारखं काही नाही, जे काय आहे ते दोन्ही काठांवरच्या रॅकमध्ये. या पद्धतीने तीन-चारशे किमीपर्यंत सहज जाता येतं. तुमची तुतिकोरीन-कोलंबो लांबी बरोबर याच पट्ट्यात बसते.

याचा फायदा नुसता खर्चात नाही. रिपीटर नसल्यामुळे फायबरच्या जोड्यांवर विजेचं बंधन नाही, एकाच केबलमध्ये 24, 48, हवं तर त्याहून जास्त जोड्या घालता येतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांना वाटता येतात. पाच वर्षांनी नवीन टेक्नॉलॉजी आली की काठावरची मशीन बदलायची, समुद्रातल्या काचेला हात लावायची गरज नाही. आयर्लंड आणि वेल्सच्या मधे 2012 साली टाकलेली सेल्टिक्स कनेक्ट नावाची केबल 131 किमीची आहे, डब्लिनहून होलीहेडला जाते, ती अशीच. हेलसिंकी आणि टॅलिनच्या मधे तर समुद्र जेमतेम 80 किमी, तिथे अशा कितीतरी आहेत.

आणि एक गंमत नाही, खरा इतिहास सांगतो. देशादेशांमधली पहिली समुद्री केबल ही शेजाऱ्यांची छोटी केबलच होती. 1850 च्या ऑगस्टमध्ये ब्रेट बंधूंनी डोव्हरहून फ्रान्सच्या काठावर तांब्याची एक तार टाकली, वरून फक्त गटापर्चाचं, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचं, आवरण, चिलखत नाही काही नाही. ती लगेच तुटली, एका मच्छीमाराच्या हाती लागली असं सांगतात. पुढच्याच वर्षी 1851 मध्ये लोखंडी तारांचं चिलखत घालून दुसरी टाकली आणि ती टिकली. मुंबईला लांबची केबल यायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली, 1870 साली ग्रेट ईस्टर्न हे अजस्त्र जहाज मुंबईत आलं आणि इथून एडनपर्यंत केबल टाकत गेलं, आणि त्याच वर्षी लंडनपर्यंत जवळजवळ सगळी लाइन समुद्रातून जोडली गेली.

पॅकेट_पोस्टमन

तारवाला दादांनी खालचा थर सांगितला, मी वरचा सांगतो. पिंगचा प्रश्न केबलचा नाहीये, व्यवहाराचा आहे.

काचेत उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किमी जातो, म्हणजे किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद. मुंबईहून तुतिकोरीनपर्यंत जमिनीवरचं फायबर समजा सोळाशे ते अठराशे किमी, पुढे 320 समुद्रातले, झाले दोन हजारच्या आसपास, जाऊन-येऊन 20 मिलिसेकंद. त्यात मधल्या उपकरणांचे धरा, वाकडातिकडा रस्ता धरा, तुम्हाला 35 येतो तो याच वाटेने. आता 95 चं बघा. मुंबई-चेन्नई तेराशे-चौदाशे, चेन्नई-सिंगापूर बत्तीसशेच्या घरात, सिंगापूरहून परत कोलंबोला तीन हजार. साडेसात हजार किमी, जाऊन-येऊन 75 नुसता उजेडाचाच वेळ. तुमचं पॅकेट शेजारच्या घरी जायला सिंगापूरला जाऊन येतंय.

का जातंय तर तुमचा इथला आयएसपी, म्हणजे इंटरनेट देणारी कंपनी, आणि कोलंबोतला आयएसपी एकमेकांना थेट भेटतच नाहीत. दोघांनी आपापली मोठी क्षमता सिंगापूरला विकत घेऊन ठेवलेली असते कारण तिथे गूगल, फेसबुक, क्लाउडवाले सगळे एका छताखाली भेटतात, आणि मग शेजाऱ्याचा थोडासा ट्रॅफिकही तिथेच देवाणघेवाण होतो. दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की एवढ्याशा ट्रॅफिकसाठी वेगळा करार कोण करत बसणार. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण केबल टाकायला करोडो रुपये घालायचे आणि मग राउटिंगचा करार करायला आळस करायचा, याने अर्धी केबल वाया जाते.

शेजाऱ्याकडून फायदा घ्यायचं आपल्याकडचं चांगलं उदाहरण जमिनीवरचं आहे. आगरतळ्याला पूर्वी सगळं इंटरनेट सिलीगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून लांबलचक फायबरने जायचं. बांगलादेशच्या कॉक्स बाजारला मात्र सी-मी-वी 4 ही मोठी समुद्री केबल उतरते. तर 23 मार्च 2016 ला कॉक्स बाजारहून आखाउडामार्गे आगरतळ्याला 10 गिगाबिटची लाइन सुरू झाली, बीएसएनएलने बांगलादेशकडून बॅंडविड्थ विकत घेतली. समुद्र शेजाऱ्याचा, फायदा त्रिपुराचा. असंच मुंबई आणि कराचीचं बघा, दोघांमधे स्वतंत्र केबल नाही पण सी-मी-वी 4 आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्ही केबल मुंबईलाही उतरतात आणि कराचीलाही. एकच केबल दोन्ही घरांत येते, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

तुमच्यासाठी प्रॅक्टिकल सल्ला म्हणजे आयएसपीला लेखी विचारा की कोलंबोचा ट्रॅफिक कुठे हॅंडओव्हर होतो. नुसतं 'आमची इंटरनॅशनल लाइन आहे' या उत्तरावर थांबू नका. आणि ट्रेसराउट दिवसातून वेगवेगळ्या वेळी मारून ठेवा, रात्री आणि सकाळी वाट वेगळी दिसली तर त्यांना ते दाखवता येतं.

वेसावकर_नाखवा

आम्ही वेसाव्याचे, म्हणजे वर्सोव्याचे, तीन पिढ्या मासेमारी. तुम्ही लोक नकाशावर ज्या रेघा बघता त्या आमच्या जाळ्याखाली आहेत म्हणून दोन शब्द लिहितो.

मुंबईसमोरचा समुद्र लोकांना वाटतो तसा खोल नाहीये. बॉम्बे हाय इथून 160 किमी बाहेर आहे आणि तिथेही पाणी 75 मीटरच, आमच्या भाषेत चाळीसेक वाव. म्हणजे केबल किनारा सोडून गेली की लगेच खोलात जात नाही, शेकडो किलोमीटर ती त्याच पाण्यातून जाते जिथे आमच्या बोटी, ट्रॉलर, मोठी जहाजं सगळे फिरतात. डोल जाळं लावणाऱ्याला खुंट मारावे लागतात, नांगर टाकावा लागतो, ट्रॉलरचं जाळं तर तळ घासतच जातं. म्हणून काठाजवळ केबल जाड असते आणि मातीत गाडलेली असते, असं सर्व्हेवाले आम्हाला सांगून गेले होते. पण गाळ सरकतो. एका मोसमात गाडलेली गोष्ट दुसऱ्या मोसमात उघडी पडलेली आम्ही बघतो, मग ती केबल असो की जुनी पाइपलाइन.

आणि केबल टाकायचं काम नेमकं पावसाळा संपल्यावर सुरू होतं, आमचाही धंद्याचा मोसम तोच. मग सांगतात इथून इथपर्यंत जाळी उचला. नोटीस येते ती इंग्रजीत, आकडे अक्षांश रेखांशाचे, मच्छीमार सोसायटीत लागते आणि निम्म्या तांडेलांपर्यंत, म्हणजे बोटी चालवणाऱ्यांपर्यंत, पोचतच नाही. आम्हाला केबल नको असं नाही, आमची पोरंपण त्याच इंटरनेटवर शिकतात. पण आधी विचारा, मराठीत सांगा, आणि बोटीवरच्या जीपीएसमध्ये टाकता येईल अशी फाइल द्या.

एक विचारायचं होतं, जाळं खरंच केबलमध्ये अडकलं तर काय करायचं? काही जण म्हणतात ओढू नका शॉक बसेल, काही म्हणतात कापा. जाळ्याची किंमत कोण देणार?

निळी_रेघ

नाखवांनी जो मुद्दा काढला तोच शेजारी केबल्सचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. मोठी केबल हजार मीटरपेक्षा खोल पाण्यात गेली की तिथे ना जाळं पोचतं ना नांगर, तिथे ती जाडीला अंगठ्याएवढी असली तरी वर्षानुवर्षं सुखरूप पडून राहते. पण दोन शेजाऱ्यांच्या मधला समुद्र बहुतेक वेळा उथळच असतो आणि छोटी केबल तिची जवळजवळ सगळी लांबी धोक्याच्या पाण्यातच काढते. जगात वर्षाला साधारण दीडशे ते दोनशे केबल बिघाड होतात, त्यातले बहुतांश मासेमारी आणि नांगरामुळे. शार्कने चावलं वगैरे बातम्या येतात पण ते नगण्य आहे.

बाल्टिक समुद्राची सरासरी खोली 55 मीटरच्या आसपास. तिथे 17 नोव्हेंबर 2024 ला लिथुआनिया आणि स्वीडनच्या गोटलंड बेटामधली 218 किमीची केबल तुटली, दुसऱ्याच दिवशी फिनलंड-जर्मनीची सी-लायन1 पण गेली. त्याच डिसेंबरला फिनलंड-एस्टोनियामधली विजेची केबल आणि सोबत काही टेलिकॉम केबल गेल्या, एका तेलवाहू जहाजाचा नांगर तळावरून घासत गेला होता. पण बघण्यासारखं हे आहे की सामान्य लोकांना इंटरनेट गेल्याचं फारसं जाणवलंच नाही. कारण त्या देशांनी एकमेकांत एवढ्या छोट्या छोट्या केबल टाकून ठेवल्यात आणि जमिनीवरूनही वाटा आहेत की एक तुटली तर ट्रॅफिक आपोआप दुसरीकडे वळतो. नोव्हेंबरमधल्या त्या दोन्ही केबल दहा-बारा दिवसांत दुरुस्तही झाल्या.

आता याच्या उलट टोंगा. टोंगा ते फिजी 827 किमीची एकच केबल, 2013 पासून. 15 जानेवारी 2022 ला समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला, केबलचे तुकडे झाले आणि अख्खा देश जगापासून तुटला, सॅटेलाइटवर जेवढं जमेल तेवढं. दुरुस्तीचं जहाज येऊन केबल परत सुरू व्हायला पाच आठवडे लागले. शेजारी चांगला होता, फिजीहून पुढे जायला मोठी केबलही होती, पण शेजाऱ्यापर्यंत जाणारी वाटच एक होती. तैवानच्या मात्सू बेटांना दोन केबल होत्या, फेब्रुवारी 2023 मध्ये 2 तारखेला एक आणि 8 तारखेला दुसरी तुटली, मग मार्च संपेपर्यंत तिथले लोक मायक्रोवेव्हच्या तुटपुंज्या लाइनवर. दोन होत्या पण दोन्ही एकाच उथळ, बोटींनी भरलेल्या समुद्रात.

म्हणून मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की शेजारी-शेजारी केबल ही स्पीडसाठी नसते, ती दोघांचं एकमेकांकडचं मागचं दार असते. आणि ते दार कामाचं कधी, तर शेजाऱ्याच्या घरातून पुढे बाहेर पडायचा रस्ता तुमच्या रस्त्यापेक्षा वेगळा असेल तेव्हाच.

हे लंकेला लावून बघा. लंकेहून पश्चिमेला जाणाऱ्या सी-मी-वी मालिकेतल्या केबल लाल समुद्रातूनच जातात, मुंबईच्याही तिथूनच. पूर्वेला जायचं तर दोघांनाही मलाक्का आणि सिंगापूर. त्यामुळे जेद्दाजवळ केबल तुटल्या तर लंका तुम्हाला वाचवू शकत नाही, ती स्वतःच अडकलेली असते. 2008 च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारताबरोबर लंका, पाकिस्तान, आखात सगळेच एकदम स्लो झाले होते.

पण मुंबईचंच काही झालं तर? तिथे लंकेचा उपयोग आहे. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, जून 2023 मध्ये शिफारशी दिल्या त्यात स्पष्ट आहे की 2022 अखेर देशात 17 आंतरराष्ट्रीय केबल आणि 14 लॅंडिंग स्टेशन, आणि त्यातल्या बहुतेक केबल मुंबईत, त्याही वर्सोव्याच्या काही किलोमीटरच्या पट्टीत. मला याची खरंच काळजी वाटते. एवढा मोठा देश आणि पश्चिमेकडचं बाहेर पडायचं मुख्य दार एका चौपाटीच्या वाळूखाली! एखादं मोठं वादळ, एखादं जहाज भरकटलं, तर एकाच वेळी किती केबल जातील. चेन्नई, कोची, तुतिकोरीन, तिरुवनंतपुरम ही दारं मोठी केली पाहिजेत आणि त्यात तुतिकोरीन-कोलंबोसारख्या जोड्या अजून दोन-तीन हव्यात.

सीप्झची_संध्याकाळ

खूप आभार सगळ्यांचे, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे साहेबांना सांगताना मी असं म्हणू का की लंकेची वाट फक्त 'मुंबई गेली' या केससाठी, 'लाल समुद्र गेला' या केससाठी नाही? आणि अजून एक, धनुष्कोडी ते तलाईमन्नार अंतर तर जेमतेम 25-30 किमी आहे, मग 320 किमीचा वळसा कशाला घातला, सरळ तिथूनच का नाही टाकली?

निळी_रेघ

हो, तसंच सांगा. आणि लाल समुद्राच्या केससाठी आयएसपीला विचारा की पूर्वेकडून, म्हणजे सिंगापूर-जपान-अमेरिका अशी वाट तुमच्या प्लॅनमध्ये आहे का. पिंग वाढेल पण लाइन चालू राहील. टूआफ्रिकासारखी आफ्रिकेला वळसा घालणारी केबल मुंबईला पूर्ण जोडली गेली की अजून एक पर्याय मिळेल.

तारवाला

धनुष्कोडीचं सांगतो. तिथे समुद्र आहे की वाळू आहे असा प्रश्न पडावा इतकं उथळ, काही ठिकाणी मीटर-दोन मीटर पाणी. वाळूचे पट्टे दरवर्षी जागा बदलतात, त्यामुळे आज गाडलेली केबल उद्या उघडी किंवा लटकलेली. केबल टाकणारं जहाज तिथे जाऊच शकत नाही, सगळं बार्ज लावून करावं लागेल. वरून दोन्हीकडच्या मच्छीमारांची प्रचंड गर्दी, पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या ट्रॉलरचा वाद आपण पेपरात वाचतोच. बाजूला मन्नारच्या आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान, प्रवाळ आहेत. आणि समजा टाकलीच तरी तलाईमन्नारला उतरून पुढे कोलंबोपर्यंत जमिनीवरून फायबर न्यावं लागणार, जमिनीवर जेसीबी आहेत. समुद्रातून थेट गिऱ्हाइकाच्या दाराशी उतरणं बरं. रिपीटर लागत नसेल तर 30 आणि 300 किमीमध्ये खर्चाचा फरक लोकांना वाटतो तेवढा नसतो, कारण सर्व्हे, परवानग्या, जहाज बोलावणं, काठावरची स्टेशनं हे सगळं दोन्हीकडे तेवढंच लागतं.

असाच अजून एक तुकडा आहे ज्याच्याबद्दल मी बरेचदा विचार करतो. कोची ते लक्षद्वीप केबल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली, एकूण 1,868 किमी, मिनिकॉयसकट 11 बेटं. मिनिकॉयहून मालदीवचं सगळ्यात उत्तरेचं बेट सव्वाशे-दीडशे किमीवर, मधे फक्त आठ अंशाची खाडी. पाणी खोल आहे म्हणजे जाळ्यांचा त्रास कमी, रिपीटर लागणार नाही. अडचण टेक्निकल नाहीच. लक्षद्वीपची केबल देशांतर्गत आहे, तिथे आंतरराष्ट्रीय केबल उतरवायची तर वेगळं लायसन्स, सिक्युरिटी क्लिअरन्स, लॅंडिंग स्टेशन, हे सगळं आलं. पण झालं तर मिनिकॉयला कोची बंद असतानाही दुसरी वाट मिळेल आणि मालदीवलाही. माझ्या मते करण्यासारखं आहे.

पॅकेट_पोस्टमन

दुरुस्तीबद्दल कुणीतरी लिहा ना. भारताच्या झेंड्याखाली केबल दुरुस्तीचं जहाज नाही म्हणतात.

तारवाला

बरोबर, बाहेरचीच जहाजं बोलवावी लागतात, ट्रायने त्याच शिफारशींमध्ये आपली जहाजं असावीत म्हणून सांगितलंय. जहाज मिळालं तरी आपल्या पाण्यात यायला संरक्षण, गृह, कस्टम अशा परवानग्या, आणि अरबी समुद्रात पावसाळ्यात तर काम जवळजवळ होतच नाही.

काम कसं होतं ते सांगतो. आधी काठावरून फायबरमध्ये उजेडाचा पल्स सोडून परत येणाऱ्या उजेडावरून तुटलं कुठे ते काढतात, छोट्या केबलचा फायदा असा की दोन्ही काठांवरून मिळून बहुतेक लांबी थेट मोजता येते. मग केबलमधल्या तांब्यातून कमी फ्रिक्वेन्सीचा टोन सोडतात, जहाजावरचा सेन्सर तो पकडतो. बिनारिपीटरच्या केबलमध्येही याच कामासाठी तांबं असतं. मग गळासारखं अवजार तळावरून ओढून केबल पकडायची, उथळ पाण्यात रिमोटवरचा रोबो पाठवायचा, एक टोक वर घेऊन तपासून त्याला बोया बांधून सोडायचं, दुसरं टोक वर घ्यायचं, मधे नवीन तुकडा जोडायचा. एकेक फायबर मायक्रोस्कोपखाली वितळवून जोडतात, मग एक्स-रे काढतात, मग खाली. दोन्ही टोकं जहाजापर्यंत वर आणायला लागतात म्हणून खोलीच्या हिशोबाने जास्तीची केबल घालावीच लागते, आणि नंतर ती तळावर बाजूला वळवून ठेवतात. म्हणजे नाखवांच्या जीपीएसमध्ये जुनी रेघ असेल तर दुरुस्तीनंतर ती चुकीची झालेली असते. ही नवीन जागा मच्छीमारांना कळवली जाते का, हे प्रत्येक दुरुस्तीनंतर विचारलं पाहिजे.

नाखवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. जाळं अडकलं तर ओढायचं नाही, विंच लावून वर तर अजिबात घ्यायचं नाही. लांबच्या केबलमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि वरून बघून कुठली विजेची आणि कुठली बिनविजेची ते कळत नाही, शिवाय तणावाखालची केबल सुटली तर छोटी बोट उलटू शकते. जाळं कापायचं, जीपीएस पोझिशन आणि वेळ लिहून घ्यायची, कोस्ट गार्डला कळवायचं. आणि किंमत कोण देणार, तर समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात, 1982 च्या करारात, कलम 115 आहे. केबल वाचवण्यासाठी ज्याने नांगर किंवा जाळं सोडून दिलं त्याला केबलच्या मालकाने भरपाई द्यावी, फक्त त्याने आधी वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे, आणि प्रत्येक देशाने तसे कायदे-नियम करावेत. भारत 1995 पासून त्या करारात आहे. हाच नियम 1884 च्या केबल करारातही होता, त्यात असंही होतं की घटना घडल्या घडल्या खलाशांच्या साक्षीने लेखी नोंद करायची आणि पहिल्या बंदराला लागल्यापासून 24 तासांत अधिकाऱ्यांना कळवायचं. त्यामुळे तांडेलांना सांगून ठेवा, फोटो, पोझिशन, खलाशांची नावं, सगळं त्याच दिवशी लिहून सोसायटीच्या शिक्क्यासह मत्स्यव्यवसाय खात्यात द्यायचं आणि पोच घ्यायची.

वेसावकर_नाखवा

हे कलम माहिती नव्हतं. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला वाचून दाखवतो. तारवाला भाऊ, त्या नोंदीत काय काय लिहायचं त्याचा मराठीत एक नमुना करून इथे टाकता का, प्रिंट काढून प्रत्येक बोटीत ठेवू.

तारवाला

करतो. बोटीचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, तांडेलाचं नाव, तारीख-वेळ, पोझिशन, पाणी किती वाव, कुठलं जाळं आणि किती सोडलं, तेव्हा बोट काय करत होती, जवळ बोया किंवा नोटीस होती का, दोन खलाशांच्या सह्या. एका पानात बसेल. रविवारपर्यंत टाकतो, तुमच्या तांडेलांना दाखवून काही कमी असेल तर सांगा.